सेकंडहँड लेगसी जीटी सांभाळताना: तेल, टायमिंग बेल्ट आणि चार सारखे टायर

न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स किंवा मिनेसोटात बर्फासाठी चारही चाकांना ताकद देणारी गाडी हवी, पण एसयूव्ही नको, सेडानच हवी, असं ठरवून जुन्या गाड्यांच्या जाहिराती चाळायला लागलात की २००५ ते २००९ ची सुबारू लेगसी जीटी समोर येतेच. अडीच लिटरचं टर्बो इंजिन (ईजे२५५), सुरुवातीला २५० आणि २००६ पासून २४३ अश्वशक्ती, मागे दोन मुलांच्या सीट आरामात, डिकीत आठवड्याचं सामान. सुबारूने २०२५ च्या मॉडेलनंतर अमेरिकेत लेगसी हे नावच बंद केलं, त्यामुळे अशी सेडान आता जुन्या बाजारातच शोधावी लागते.

गाडी उत्तम आहे, पण हलगर्जीपणा तिला चालत नाही. ही इंजिनं म्हातारी होऊन क्वचितच मरतात, मरतात ती तेलावाचून. म्हणून या लेखातला मोठा भाग तेलावरच आहे.

घेण्याआधी काय बघायचं

गाडी बघायला जाताना मालकाला आधीच सांगून ठेवा, की इंजिन सुरू करून ठेवू नका. थंड इंजिन तुमच्यासमोर सुरू झालं पाहिजे. पहिली मिनिट-दोन मिनिटं बोथट टकटक ऐकू येते आणि इंजिन तापलं की जाते. ती पिस्टनची असते, या इंजिनात ती सर्रास असते आणि तिला फार घाबरायचं कारण नाही. उलट इंजिन तापल्यावरही खालच्या बाजूने खोल ठोका येत असेल आणि अॅक्सिलरेटर दिल्यावर तो वाढत असेल, तर कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं आहे. किंमत कितीही उतरवली तरी ती गाडी घेऊ नका.

इंजिन चालू असताना तेल भरायचं झाकण उघडा. थोडी वाफ चालेल. पण भात्यासारखे फटकारे येत असतील, तर पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटलेली असण्याची शक्यता आहे. कमी ऑक्टेनचं पेट्रोल, बेभरवशाचं ट्यूनिंग किंवा हवेची गळती यामुळे इंजिन नॉक करतं (पेट्रोल चुकीच्या क्षणी भडकून आत ठोके बसतात) आणि रिंगांमधली ती पातळ कड आधी ढासळते. बहुतेकदा तडाखा चौथ्या सिलिंडरला, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूच्या मागच्या सिलिंडरला बसतो. खात्रीसाठी कॉम्प्रेशन (सिलिंडर किती दाब धरतो) आणि लीकडाउन (दाबलेली हवा किती गळते) अशा दोन्ही चाचण्या करून घ्या. आकड्यापेक्षा चारही सिलिंडरमधला फरक बघा: तिघं सारखी आणि एकच मागे पडत असेल, तर दुखणं तिथेच आहे.

स्वस्तातला ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं छोटं यंत्र) सोबत न्या. कोड दिसला नाही म्हणून खूश होऊ नका, ‘रेडिनेस मॉनिटर’ बघा, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्या आहेत का ते. बरेच मॉनिटर अपूर्ण दाखवत असतील, तर कोड नुकतेच पुसले आहेत किंवा बॅटरी काढून जोडली आहे. या गाडीत चेक इंजिनचा दिवा लागला की क्रूझ कंट्रोलचा (वेग आपोआप धरून ठेवणाऱ्या यंत्रणेचा) दिवाही लुकलुकतो आणि क्रूझ बंद पडतं. तो क्रूझचा बिघाड नसतो, म्हणून त्यामागे पैसे घालवू नका.

मग मोकळ्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून हळूहळू गोल फिरा, दोन्ही बाजूंना. गाडी सहज फिरली पाहिजे. कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी अडखळत असेल, उड्या मारत असेल, तर मधलं डिफरन्शियल (पुढच्या आणि मागच्या चाकांत ताकद वाटणारा भाग) किंवा त्याचा क्लच धरतो आहे. अशा गाडीचे चारही टायर लगेच बघा. वेगवेगळ्या कंपन्यांचे किंवा कमी-जास्त झिजलेले निघाले, तर कारण तुमच्यासमोरच आहे.

तेल: दर दुसऱ्या पेट्रोलला डिपस्टिक

या इंजिनात फिल्टरसह सुमारे ४ लिटर तेल बसतं. डिपस्टिकवरच्या खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण १ लिटरचं अंतर आहे. म्हणजे तेल खालच्या खुणेपर्यंत उतरलं, तर पाव हिस्सा गेलेला असतो. टर्बो इंजिन थोडं तेल खातंच, त्यात नवल नाही. चूक होते ती दिव्यावर विसंबण्यात. डॅशबोर्डवरचा लाल दिवा तेलाची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. तो लागेपर्यंत बेअरिंगं कोरडी पडायला लागलेली असतात.

डिपस्टिक सकाळी, सपाट जागेवर, इंजिन सुरू करण्याआधी बघा. नळीच्या आतल्या बाजूला तेल चिकटलेलं असतं, त्यामुळे पट्टीच्या एका बाजूला वरपर्यंत ओघळ दिसतो आणि दुसऱ्या बाजूला कमी. पुसून परत घाला, परत काढा आणि दोन्ही बाजूंपैकी कमी दिसणारा आकडा खरा माना. अर्ध्याच्या खाली आलं की भरा. त्यासाठी डिकीत एक बाटली कायम ठेवा.

तेल ५डब्ल्यू-३०, पूर्ण सिंथेटिक. दर ३,००० ते ३,७५० मैलांनी, म्हणजे ४,८०० ते ६,००० किलोमीटरला बदला. सिंथेटिक आहे म्हणून १०,००० मैल ओढायचं, हे साध्या इंजिनाचं गणित इथे लावू नका. टर्बोच्या शाफ्टजवळ तेल भाजून निघतं आणि त्याचा कोळसा होतो. तो कोळसा पुढे कुठे अडकतो, हे खाली येईलच.

बदलताना क्रम असा ठेवा. इंजिन कोमट करा, कडकडीत नको, कारण फिल्टरच्या आजूबाजूला एक्झॉस्टचे पाइप आहेत. गाडी जॅकवर नाही, स्टँडवर किंवा रॅम्पवर उभी करा. पॅनचा बोल्ट १७ मिलिमीटरचा. तेल पूर्ण निथळू द्या, नवा वॉशर लावा आणि बोल्ट ४० ते ४४ न्यूटन-मीटरला आवळा; जुना वॉशर परत लावला की थेंब-थेंब गळती सुरू. फिल्टर काढल्यावर त्याचं जुनं रबर इंजिनला चिकटून तर राहिलं नाही ना, हे बोट फिरवून तपासा. दोन रबरं एकावर एक बसली, तर इंजिन सुरू होताच सगळं तेल जमिनीवर येतं. नव्या फिल्टरच्या रबराला तेलाचं बोट लावा, टेकेपर्यंत हाताने फिरवा आणि मग पाऊण वळसा. आधी ३.८ लिटर भरा, मिनिटभर इंजिन चालवा, दहा मिनिटं थांबा, मग पातळी बघून उरलेलं भरा. फिल्टर काढताना एक्झॉस्टवर सांडलेलं तेल दोन दिवस जळका वास देतं, तेवढं चालायचंच.

झटपट तेल बदलून देणाऱ्या दुकानांत या गाडीला एक धोका आहे. गाडीखाली एकापेक्षा जास्त ड्रेन बोल्ट आहेत. सवय नसलेला माणूस गिअरबॉक्सचं तेल काढून टाकतो आणि इंजिनात जुन्या तेलावर आणखी ४ लिटर ओततो. गिअरबॉक्स कोरडा, इंजिन तुडुंब. पेंट मार्करने इंजिनच्या बोल्टजवळ ठळक खूण करून ठेवा आणि गाडी परत घेताना डिपस्टिक तिथेच बघा.

नखाएवढी जाळी

टर्बोला तेल नेणाऱ्या बारीक नळीच्या इंजिनाकडच्या टोकाला पोकळ बोल्ट आहे, त्याला बँजो बोल्ट म्हणतात. त्याच्या पोटात बारीक जाळीची छोटी गाळणी बसवलेली असते. नवी असताना जाळीतून आरपार उजेड दिसतो. तेल उशिरा बदलत राहिलेल्या गाडीतली काढून पाहिली, तर ती चहाच्या गाळण्याला चोथा बसावा तशी काळ्या, चिकट थराने बुजलेली असते. त्या बुजलेल्या जाळीपुढे टर्बो मिनिटाला लाखभर फेरे घेत असतो, तेलाविना. शाफ्टची बेअरिंगं जातात, धातूचा चुरा तेलात मिसळतो आणि मग तो चुरा इंजिनच्या मुख्य बेअरिंगांत जातो. एका छोट्या गाळणीपायी आधी टर्बो आणि पाठोपाठ अख्खं इंजिन, अशी ही साखळी आहे.

म्हणून सेकंडहँड गाडी हातात आली की पहिल्याच आठवड्यात हा बोल्ट काढून बघा आणि गाळणी नवी टाका. जाळी काढून टाकून बोल्ट नुसता लावणारेही खूप आहेत. तेल वेळेवर बदलणार असाल, तर त्यात वाईट काही नाही. दोन्ही बाजूंचे वॉशर नवे हवेत. बोल्ट पोकळ असतो, त्यामुळे जास्त जोर लावला तर तुटतो आणि तुटलेला तुकडा हेडमध्ये राहतो; टॉर्क रेंचशिवाय हात लावू नका. झडपांची वेळ बदलणाऱ्या एव्हीसीएस यंत्रणेच्या तेलनळ्यांतही अशाच गाळण्या आहेत, त्याही त्याच बैठकीत बघून घ्या. पी००११ किंवा पी००२१ असे कोड येत असतील, तर महागडा सेन्सर मागवण्याआधी तेलाची पातळी आणि या गाळण्या तपासा.

टर्बो आधीच गेला असेल, तर नुसता नवा टर्बो बसवून भागत नाही. तेलाची नळी नवी, ऑइल कूलर नवा (त्याच्या आतल्या बारीक वाटांमधून चुरा धुऊन निघत नाही), ऑइल पॅन काढून स्वच्छ, इंटरकूलर धुतलेला, आणि पहिलं तेल शे-दोनशे मैलांतच बदललेलं. यातलं काहीही गाळलं, तर नवा टर्बो जुन्याच्या वाटेने जातो. पॅन उतरवलंच आहे, तर तेल ओढणारी पिकअप नळी जोडाच्या जागी भिंग लावून बघा. या इंजिनांत ती सांध्याजवळ तडकते. मग पंप तेलाबरोबर हवा ओढतो. मजबूत नळी बाजारात मिळते, ती लावाच.

टायमिंग बेल्ट

हा बेल्ट क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) आणि कॅम (झडपा उघडणारे दांडे) एका तालात ठेवतो. तो बदलायची कंपनीने सांगितलेली मुदत १,०५,००० मैल किंवा १०५ महिने, यांपैकी जे आधी होईल ते. महिन्यांचं कलम लोक विसरतात. या मॉडेलची शेवटची गाडीही आता त्या मुदतीच्या बरीच पलीकडे आहे. बदलल्याचं बिल दाखवता येत नसेल, तर बदललेला नाही असं धरून चला. बेल्ट तुटला की झडपा पिस्टनवर आपटतात आणि वाकतात.

एकटा बेल्ट घेऊ नका. बेल्ट ताणून धरणारा हायड्रॉलिक टेन्शनर, बेल्टला वाट देणारी चाकं म्हणजे सगळे आयडलर (त्यातला एक दातेरी), वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट, सगळं एकदम. बेल्ट धड असताना आयडलरचं बेअरिंग जाम होऊन बेल्ट उडाल्याची उदाहरणं भरपूर आहेत. थर्मोस्टॅट मूळ कंपनीचाच घ्या, बाहेरचे अनेक आकाराने लहान असतात आणि तापमान नीट धरत नाहीत.

काम घरी करायचं असेल, तर या ठिकाणी चूक होते:

क्रँकच्या दातेरी चाकावर एक बाण आहे आणि मागच्या कडेच्या दात्यावर एक बारीक रेघ. जुळवायची ती रेघ, बाण नाही. बाण जुळवून बेल्ट चढवला, तर इंजिन सुरू करायच्या क्षणी झडपा जातात.

ड्रायव्हरच्या बाजूचे दोन्ही कॅम झडपांच्या स्प्रिंगवर ताणलेले उभे असतात. जुना बेल्ट निघताच ते झटका घेऊन फिरतात. बोटं लांब ठेवा आणि कॅम धरून ठेवणारं साधन आधीच लावा. एखादा कॅम सुटलाच, तर कसाही गरगर फिरवून जागेवर आणू नका. त्याच बाजूच्या इनटेक आणि एक्झॉस्टच्या झडपा एकमेकींवर आदळू शकतात.

टेन्शनर व्हाइसमध्ये उभा धरून अगदी सावकाश दाबा, चांगली काही मिनिटं घेऊन, आणि पिन घाला. घाईने दाबला तर आतला सील जातो. वॉटर पंपाचे छोटे बोल्ट १२ न्यूटन-मीटरला, क्रमाने, दोन फेऱ्यांत. ते अॅल्युमिनियममध्ये आहेत, पान्याचा अंदाज इथे चालत नाही.

सगळ्या खुणा जुळल्या, बेल्टवरच्या रेघाही जुळल्या, मगच टेन्शनरची पिन ओढा. आता क्रँक हाताने घड्याळाच्या दिशेने दोन पूर्ण फेरे फिरवा. मध्ये कुठे कठीण लागलं तर थांबा, जोर लावू नका. दोन फेऱ्यांनंतर चाकांवरच्या खुणा पुन्हा जुळल्या पाहिजेत. बेल्टवर छापलेल्या रेघा मात्र जुळणार नाहीत. पहिल्यांदा करणारे इथे घाबरून सगळं पुन्हा उघडतात. ते तसंच असतं.

कूलंट भरताना दोन झाकणं दिसतील: एक रेडिएटरवर, एक टर्बोच्या कूलंट टाकीवर. भरायचं ते टाकीतून. दोन्ही झाकणं वेगळी आहेत, अदलाबदल करू नका. हीटर पूर्ण गरम ठेवून, फनेल लावून, बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालू द्या. तापमानाचा काटा वर-खाली होत असेल किंवा हीटरमधून मध्येच गार वारा येत असेल, तर आत हवा राहिली आहे.

प्लग, पेट्रोल आणि जळका वास

स्पार्क प्लग एनजीकेचे एसआयएलएफआर६ए, ६०,००० मैलांना. जागा अडचणीची आहे, एका बाजूची बॅटरी आणि दुसऱ्या बाजूची एअर बॉक्स काढावी लागते. इंजिन पूर्ण थंड असताना काढा आणि २१ न्यूटन-मीटरच्या आसपास आवळा. प्लगच्या खोबणीत तेल साचलेलं दिसलं, तर व्हॉल्व्ह कव्हरचे गॅस्केट आणि प्लग ट्यूबचे सील बदलायची वेळ झाली.

पेट्रोल ९१ किंवा ९३. अमेरिकेतला ९१ चा आकडा भारतातल्या पंपांवरच्या ९५ च्या जवळपास जातो, मोजायची पद्धत वेगळी आहे. ८७ भरून वाचवलेले पैसे पिस्टनच्या किमतीत वळते होतात. वरच्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर असताना पूर्ण अॅक्सिलरेटर दाबू नका. नॉकला हेच सगळ्यात जास्त आवडतं. आधी गिअर खाली घ्या. तापमानाचा काटा मध्यावर आल्यानंतरही पाच-सात मिनिटं सबुरीने चालवा, तेलाला पाण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. हायवेवरून उतरल्यावर घरापर्यंतची शेवटची दोन मिनिटं शांत चालवलीत, तर टर्बो टायमर (किल्ली काढल्यावरही इंजिन थोडा वेळ चालू ठेवणारं यंत्र) वगैरे काही लावायची गरज नाही.

सिग्नलला थांबल्यावर जळका वास येत असेल आणि तेलगळती दिसत नसेल, तर प्रवाशाच्या बाजूच्या पुढच्या एक्सलचा आतला रबरी बूट बघा. तो एक्झॉस्टच्या शेजारी आहे, उष्णतेने तडकतो आणि ग्रीस उडून पाइपवर जळतं. लवकर सापडला तर नुसता बूट बदलून भागतं.

गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल

पाच गिअरच्या मॅन्युअलमध्ये गिअरबॉक्स आणि पुढचं डिफरन्शियल एकच तेल वापरतात: ७५डब्ल्यू-९०, जीएल-५, साडेतीन लिटर. ऑटोमॅटिकमध्ये पुढच्या डिफरन्शियलचं तेल वेगळं असतं, सव्वा ते दीड लिटर, आणि ते वर्षानुवर्षं कोणी बदललेलं नसतं. मागचं डिफरन्शियल दोन्हींत ०.८ लिटर. ३०,००० मैलांना बदला.

मागच्या डिफरन्शियलचे बोल्ट अर्ध्या इंचाच्या चौकोनी रॅचेटला थेट बसतात. आधी भरायचा, म्हणजे वरचा बोल्ट सैल करा, मगच खालचा. उलट केलंत आणि वरचा गंजून अडकलेला निघाला, तर तेल काढलेली गाडी अंगणात उभी राहते आणि भरायला वाट नसते.

टायर

चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, एकाच मापाचे (मूळ माप २१५/४५आर१७) आणि सारखे झिजलेले हवेत. सुबारूची मर्यादा आहे परिघात पाव इंच, म्हणजे ६ मिलिमीटरच्या थोडं वर. नक्षीच्या खोलीत मोजलं तर हा फरक जेमतेम १ मिलिमीटर भरतो. लहान चाक जास्त फेरे घेतं, मधल्या डिफरन्शियलला सरळ रस्त्यावरही वळणावर असल्यासारखं सतत सरकत राहावं लागतं, आणि ते तापून मरतं.

मोजायला शिंप्याची टेप पुरते. चारही टायरमध्ये हवा दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे भरा, चाक उचलून टेप नक्षीच्या बरोबर मध्यावरून गुंडाळा, आकडे लिहून ठेवा. एक टायर फुटला आणि बाकीचे अर्धे झिजलेले असतील, तर दोन मार्ग आहेत: चारही नवे, किंवा नवा टायर बाकीच्यांच्या मापाला तासून देणारं दुकान. छोटी स्टेपनी फक्त जवळच्या दुकानापर्यंत, ताशी ५० मैलांच्या आत. टायर फिरवणं, म्हणजे चाकांच्या जागा आपसात बदलणं, प्रत्येक दुसऱ्या तेलबदलाला करा, म्हणजे झीज सारखी राहते.

थंडीत विंटर टायर लावायचे तर चारही. दोनच लावून भागवू नका. ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीला बर्फातून बाहेर काढतं, थांबवत नाही. थांबवतात ते टायर. रस्त्यावर टाकलेलं मीठ मागच्या चाकांच्या कमानीत आणि ब्रेकच्या नळ्यांवर बसतं. पारा शून्याच्या वर गेला की खालून पाणी मारून धुऊन घ्या, आणि वसंतात एकदा गाडी उचलून ब्रेकच्या नळ्यांवर हात फिरवा. पापुद्रे हाताला लागले, तर नळी बदला.

गाडी रस्त्यात बंद पडलीच, तर टोइंगवाल्याला फोनवरच सांगा: फ्लॅटबेड पाठवा, चारही चाकं वर हवीत. दोन चाकं उचलून ओढत नेली, तर दहा मैलांत मधलं डिफरन्शियल खराब होऊ शकतं. आणि बंद पडण्याआधी तेलाचा लाल दिवा लागला असेल किंवा खालून ठोका ऐकू आला असेल, तर ट्रकवर चढवण्यापुरतंसुद्धा इंजिन सुरू करू नका; गाडी न्यूट्रलला टाकून विंचने ओढून घ्यायला सांगा.